नोएडाचं पुस्तक, कुलाब्याचा कट

२०१४ साली एका हिंदी रहस्यकादंबरीवर प्रकाशकाचा पत्ता छापून आला तो नोएडाच्या सेक्टर ५७ चा. हा भाग कारखान्यांचा आणि गोदामांचा. मेट्रो तेव्हा नोएडा सिटी सेंटरलाच संपायची, पुढे रिक्षा. हार्परकॉलिन्स या बड्या इंग्रजी प्रकाशनसंस्थेच्या भारतीय शाखेचं कार्यालय तेव्हा इथे होतं. कादंबरीचं नाव ‘कोलाबा कॉन्सपिरेसी’, लेखक सुरेंद्र मोहन पाठक. कथानक सगळं मुंबईतलं, म्हणजे लेखक दिल्लीचा, प्रकाशक नोएडाचा आणि कट कुलाब्याचा.

पाठकांचं नाव मराठी वाचकाला फारसं माहीत नसेल, पण त्यांची जात ओळखीची आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक ज्या पंगतीत बसतात, त्याच पंगतीतला हा माणूस. जन्म १९४० चा, पंजाबातल्या खेमकरणचा. नोकरी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये, दिल्लीत. पहिली कथा १९५९ मध्ये ‘मनोहर कहानियां’ मासिकात छापून आली, पहिली कादंबरी १९६३ मध्ये. त्यानंतर नोकरी सांभाळून जवळजवळ तीनशे कादंबऱ्या. मधल्या काळात इयान फ्लेमिंग आणि जेम्स हॅडली चेस यांचे हिंदी अनुवादही केले. ‘पैंसठ लाख की डकैती’ ही १९७७ ची कादंबरी इतकी गाजली, की २००९ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनानं तिचा इंग्रजी अनुवाद काढला. एवढं सगळं होऊनही त्यांची पुस्तकं निघत राहिली ती लुगदीवर. लुगदी म्हणजे रद्दीचा लगदा करून बनवलेला पिवळट, खरबरीत कागद. घामट बोटांनी दोनदा पानं उलटली की कडा मऊ पडतात, आणि चार वर्षांत पुस्तक तपकिरी होतं. या कागदावरून हिंदीत त्या सगळ्या लिखाणाला ‘लुगदी साहित्य’ असं नाव पडलं, आणि त्यात कौतुक मुळीच नव्हतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा लेखक सेक्टर ५७ च्या पत्त्यासह पांढऱ्या कागदावर आला, तेव्हा त्याच्या जुन्या वाचकांना काय वाटलं असेल हा प्रश्न साधा नाही. कारण या वाचकांना आपलं मत सांगायची सवय होती, आणि ते मत छापलं जाण्याचीसुद्धा.

आधी गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. शेवट सांगत नाही, तो सांगणाऱ्याला रहस्यकथेचे वाचक माफ करत नाहीत. जीतसिंह हा मुंबईतला कुलूपतोड्या. कसलंही कुलूप, कसलीही तिजोरी त्याच्या बोटांना वश. मालिकेच्या सुरुवातीलाच, ‘दस लाख’ या कादंबरीत, सुष्मिता नावाच्या मुलीच्या बहिणीच्या उपचारासाठी तो दहा लाखांच्या मागे लागतो, त्यासाठी गुन्ह्यात उतरतो, पैसे घेऊन परत येतो, तर सुष्मितानं एका श्रीमंत, वयस्क व्यापाऱ्याशी लग्न केलेलं. ‘कोलाबा कॉन्सपिरेसी’मध्ये त्या व्यापाऱ्याचा खून होतो. मागे इस्टेट, सावत्र मुलं आणि तरुण विधवा. सुष्मिताला ज्याचा आधार मागावा लागतो तो जीतसिंह, जिच्यासाठी जन्म उधळला तिच्यासाठी पुन्हा गुंत्यात पाय घालणारा.

आता या गोष्टीच्या मुळाशी बघा. श्रीमंत माणूस मृत्युपत्र न करता मेला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे विधवा आणि मुलं-मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाला सारखा वाटा. दुसऱ्या बायकोचा वाटा उडवायचा असेल तर दोन वाटा उरतात. एक, लग्नच झालं नव्हतं असं म्हणायचं. दोन, खून तिनंच केला असं ठरवायचं. याच कायद्याचं कलम २५ सांगतं, की खून करणाऱ्याला किंवा खुनाला साहाय्य करणाऱ्याला ज्याचा खून झाला त्याची मालमत्ता वारसानं मिळत नाही. म्हणजे एका मड्यात दोन शिकारी: माणूसही गेला आणि वारसही कटला. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली तयार चौकट सरकारनं दुसरी दिलेली नाही. आणि वाचकांत वकील असतात, तलाठी असतात, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले असतात. त्यांना हे कलम पाठ असतं. लेखक इथे घसरला, तर बाकीची साडेतीनशे पानं ते विश्वासानं वाचत नाहीत.

मी या प्रकरणात ज्या गोष्टीच्या मागे आहे ती हीच. कटकथेचा वाचक मोठं खोटं हसत गिळतो आणि बारीक खोट्यावर अडतो. एका माणसाला अडकवण्यासाठी सहा जणांनी सहा महिने खपून सापळा रचला, हे तो मानतो. पण त्या सहांपैकी एक जण चर्चगेटहून कुलाब्याला लोकलनं गेला असं लिहिलं, की पुस्तक मिटतो.

साध्या खुनाच्या गोष्टीचा वाचक असा नसतो. त्याचा लेखकाशी करार वेगळा असतो. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकानं डिटेक्टिव्ह कथेचे वीस नियम छापले होते. गुन्हेगार एकच असावा, हा त्यातला बारावा. गुप्त मंडळ्या, माफिया वगैरे आणू नयेत, हा तेरावा. गुन्ह्याचं कारण खासगी असावं, राजकारण आणि आंतरराष्ट्रीय कारस्थानं दुसऱ्या खात्यात टाकावीत, हा एकोणिसावा. थोडक्यात, कटकथेला त्यानं दारातच उभं केलं. व्हॅन डाइनचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गुन्हेगार एक असला, की वाचक लेखकाशी डाव खेळू शकतो: पुरावे दोघांच्या समोर, बघू कोण आधी ओळखतो. गुन्हेगार आठ असले की डाव संपतो. कुठल्याही अडचणीला लेखकाकडे उत्तर तयार असतं, ‘तोही त्यांचाच माणूस निघाला’. पोलीस अधिकारी त्यांचा, डॉक्टर त्यांचा, शेजारीण त्यांची. मग वाचकानं ओळखायचं काय? डाव हातातून गेला की तो हिशेब तपासायला बसतो. वेळ जुळते का, रस्ता बरोबर आहे का, एवढे लोक सामील होते तर एकाचंही तोंड का फुटलं नाही?

त्यात नोएडाची एक गंमत आहे. इथल्या सेक्टर १६ए मधल्या फिल्म सिटीत वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ दाटीवाटीनं उभे आहेत. ‘साज़िश’ आणि ‘पर्दाफ़ाश’ हे शब्द तिथून रोज रात्री देशभर जातात, आणि त्यांना कलम विचारायला कुणी जात नाही. कादंबरीकाराला ही सवलत नाही.

पाठकांना हे पक्कं ठाऊक असावं. त्यांची सगळ्यांत लांबलेली मालिका सुनील या वार्ताहराची, शंभरावर कादंबऱ्यांची. सुनील ‘ब्लास्ट’ नावाच्या दैनिकात काम करतो आणि राजनगर नावाच्या शहरात राहतो. हे राजनगर लेखकाच्या डोक्यातलं. नवा पूल हवा असला की बांधला, नवा क्लब हवा असला की उघडला. कुणी वाचक पत्र लिहून कळवू शकत नाही, की अहो, त्या रस्त्याला डावीकडे वळण नाही. जीतसिंह मात्र मुंबईत राहतो आणि कुलाबा नकाशावर आहे. खून राजनगरात झाला तर तो फक्त लेखकाचा असतो, आणि कुलाब्यात झाला तर तिथल्या प्रत्येक रहिवाशाला त्यात बोलायचा हक्क मिळतो. दिल्लीच्या लेखकानं हा हक्क स्वतःहून वाचकाच्या हातात दिला, याला मी धाडस म्हणेन.

आणि ते बोलणं ऐकून घ्यायची जागा त्यानं आधीपासून करून ठेवली होती. पाठकांच्या कादंबरीत गोष्ट सुरू होण्याआधी ‘लेखकीय’ असतं. प्रस्तावना म्हणावी तर तसं नाही, कारण त्यात हातातल्या पुस्तकाबद्दल कमी आणि मागच्या पुस्तकाबद्दल जास्त असतं. मागची कादंबरी वाचून वाचकांनी काय कळवलं, ते लेखक स्वतःच्या शब्दांत सांगतो, अनेकदा नावागावासह: अमक्या गावच्या अमक्याला ती फार आवडली, तमक्याला शेवट ओढूनताणून वाटला, आणखी एकाला पान अमुकवरचा प्रसंग अशक्य वाटतो. काहींना तो समजावतो, काहींशी भांडतो, काहींची चूक मान्य करतो. मध्येच दारूविषयी, जुगाराविषयी, कुठल्या तरी जुन्या कायद्याविषयी ऐकीव-वाचीव माहिती आणि एखादा विनोद. असे कित्येक वाचक आहेत की जे नवीन पुस्तक घेतलं की आधी लेखकीय वाचतात, गोष्ट मागाहून. पुस्तकात पत्रव्यवहारासाठी दिल्लीचा पोस्ट बॉक्स दिलेला असे. टेलिफोनच्या कंपनीत नोकरी करणारा माणूस संध्याकाळी कादंबरी लिहितो आणि उरलेल्या वेळात कार्डांना उत्तरं देतो, असा हा संसार.

यातली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. वर्तमानपत्रातल्या परीक्षणानं या पुस्तकांना कधी दारात उभं केलं नाही. हिंदीतले समीक्षक लुगदीला हात लावत नसत. त्यामुळे या व्यवहारात समीक्षा उरली ती वाचकाची, आणि ती छापायला दुसरी जागा नव्हती म्हणून लेखकानं ती आपल्याच पुढच्या पुस्तकात छापली. इंदूरच्या दुकानदाराचं मत बरेलीच्या शिक्षकानं वाचलं, बरेलीच्या शिक्षकाला राग आला, त्यानं कार्ड टाकलं. पुढच्या पुस्तकात ते आलं. वर्षानुवर्षं असं चाललं की वाचकांची आपापसांत ओळख होते. पाठकांच्या वाचकांचे पुढे मेळावे भरू लागले, आणि लेखकाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते स्वतःला ‘एसएमपियन’ म्हणवू लागले. व्यापाराच्या दृष्टीनंही हे हुशारीचं आहे: ज्याचं नाव पुढच्या पुस्तकात येण्याची शक्यता आहे तो पुढचं पुस्तक विकत घेतोच. पण नुसता धंदा असता, तर प्रतिकूल मतं कापली गेली असती. ती कापली जात नव्हती, यात त्या माणसाचा स्वभाव दिसतो.

मराठीत असं घडलं नाही, आणि का घडलं नाही ते बघण्यासारखं आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही त्यांची माणसं दोन पिढ्यांच्या ओठांवर होती. गोव्याच्या मातीतून आलेल्या गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या घरातला. एवढं लिहून झालं, वाचून झालं, पण वाचकांना नेमकं काय वाटलं याची नोंद आज शोधायला गेलं तर हाती लागतात त्या थोरामोठ्यांच्या आठवणी. ‘लहानपणी आम्ही झुंजार वाचायचो’ असं सांगणारे संपादक, प्राध्यापक, मंत्री पुष्कळ. झुंजारच्या अमुक कथेत खिडकीतून उडी मारायचा प्रसंग पटला नाही, असं १९५२ साली कुणाला वाटलं, ते गेलं ते गेलंच. याचं एक कारण वितरणात आहे. मराठी रहस्यकथा पुष्कळशी भाड्यानं वाचली गेली, सर्क्युलेटिंग लायब्ररीतून. तिथं वाचकाचं मत ऐकणारा माणूस म्हणजे काउंटरवरचा लायब्ररीवाला. पुस्तक परत करताना ‘हे काही खास नाही हो’ म्हटलं की तो पुढच्या माणसाला ते देताना अडखळायचा. ‘एकदम फर्स्ट क्लास’ म्हटलं की तीन प्रती मागवायचा. मत होतं, त्याचा परिणामही होता, पण कागद नव्हता. उत्तरेतही पुस्तकं भाड्यानं जात, पण रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून विकतही खूप घेतली जात. विकत घेतलेल्या पुस्तकात लेखकाचा पत्ता घरी येतो.

सुहास शिरवळकरांचं थोडं निराळं झालं. मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी, दारा बुलंद यांच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाकडे वाचक मित्र म्हणून जात. पण ‘दुनियादारी’नं त्यांची ओळखच बदलून टाकली. २०१३ मध्ये त्यावर चित्रपट आल्यावर नव्या वाचकांनी त्यांच्या जुन्या पुस्तकांकडे मोर्चा वळवला, पण तोवर शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती. मत द्यायला वाचक तयार, घ्यायला लेखक नाही.

नोएडापासून सत्तरेक किलोमीटरवर मेरठ आहे. लुगदीची खरी राजधानी ती. तिथल्या वेद प्रकाश शर्मांची ‘वर्दी वाला गुंडा’ ही राजीव गांधींच्या हत्येवरून सुचलेली कटकथा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तिच्याबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे खपाचा आकडा: पहिल्याच दिवशी पंधरा लाख प्रती, आणि एकूण आठ कोटी. हा आकडा खुद्द लेखक-प्रकाशकांच्या बाजूनं आलेला आहे आणि तो तपासायला कुठलीही स्वतंत्र वही नाही. मला आठ कोटी पटत नाहीत. पटोत न पटोत, बघण्यासारखी गोष्ट ही, की इतक्या वाचकांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल आपल्याला फक्त बेरीज माहीत आहे. १९९१ च्या मे महिन्यात श्रीपेरुंबुदूरला जे घडलं, त्याचा धक्का ताजा असताना त्याच्यावर बेतलेली कादंबरी हातात घेणाऱ्या माणसाला ती वाचून काय वाटलं? तपास चालू होता, बातम्या रोज येत होत्या. लोकांनी त्या पुस्तकात उत्तर शोधलं, की करमणूक? खपाच्या आकड्यातून हे कळत नाही. एखाद्या लेखकीयातून कळलं असतं.

खऱ्या घटनेवर बेतलेल्या कटकथेचं वाचकाशी नातं कसं चालतं, याचं उत्तम उदाहरण परदेशातलं आहे. फ्रेडरिक फोरसिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ ची. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचा कट हा तिचा विषय, आणि द गॉल तर १९७० च्या नोव्हेंबरात घरी, नैसर्गिक मृत्यूनं गेले होते. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून जगजाहीर. याच कारणानं काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. वाचकांनी मात्र ते डोक्यावर घेतलं, कारण फोरसिथ पत्रकार होता आणि बारीक गोष्टी खऱ्या होत्या. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर खोटा पासपोर्ट काढण्याची त्यानं सांगितलेली रीत ब्रिटनमध्ये खरोखरच चालत होती. पुस्तक आल्यावरही ती फट बुजवायला सरकारला कित्येक वर्षं लागली. शेवट माहीत असूनही लोक श्वास रोखून वाचतात, ते पासपोर्टच्या त्या पानांमुळे.

डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’चं उलटं झालं. २००३ च्या या कादंबरीच्या सुरुवातीलाच लेखकानं एक पान दिलं आणि त्यात गुप्त मंडळी वगैरे खरी असल्याचं ठणकावून सांगितलं. ज्या ‘प्रायरी ऑफ सायन’वर सगळा डोलारा उभा, ती मंडळी पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसानं १९५६ मध्ये काढलेली, आणि तिचा प्राचीन इतिहास त्याच्याच टोळक्यानं रचलेला. कोट्यवधी लोकांनी पुस्तक वाचलं, आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कादंबरीवर लाल पेन्सिल चालवली. चर्चची शिकवण, चित्रांचे तपशील, पॅरिसचे रस्ते, काहीही सुटलं नाही. गोव्यात तर २००६ मध्ये चित्रपटावर बंदीच आली. माझं म्हणणं असं, की ते एक पान नसतं तर निम्मं भांडण झालं नसतं. कादंबरी खोटी असते हे वाचकाला मान्य असतं, लेखकानं ते नाकारलं की त्याचा पारा चढतो. उंबेर्तो एकोनं याची गोष्ट आधीच, १९८८ च्या ‘फुकोज पेंड्युलम’मध्ये, लिहून ठेवली होती. मिलानच्या एका प्रकाशनातले तीन संपादक, लेखकांकडून येणारी गूढविद्येची वेडीवाकडी बाडं वाचून कंटाळतात आणि गंमत म्हणून स्वतःच एक जागतिक कट रचतात. मग तो खरा मानणारे भेटू लागतात. डॅन ब्राउनबद्दल विचारलं तेव्हा एको थट्टेनं म्हणाला होता, की तो माझ्याच कादंबरीतलं एक पात्र आहे.

तर परत कुलाब्याकडे. मराठी माणूस ‘कोलाबा कॉन्सपिरेसी’ वाचतो तेव्हा तो उत्तरेतल्या वाचकाहून निराळ्या कानानं वाचतो. पाठकांची मुंबई बोलते ती बंबइया: ‘मेरे को’, ‘बोले तो’, ‘काहे वास्ते’. दिल्ली-मेरठच्या वाचकाला ही भाषा म्हणजे सिनेमातली मुंबई घरपोच. बोरीबंदरावर आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र सगळीच पात्रं एका सुरात बोलताना ऐकून खटकतं. मुंबईत गुजराती शेठची हिंदी वेगळी, कोळ्यांची वेगळी, हवालदाराची मराठी वळणाची आणि भेंडीबाजाराची आणखी निराळी. तो हवालदार घरी मराठीत विचार करतो, हे बाहेरच्या लेखकाच्या पानावर क्वचित उमटतं. हा दोष एकट्या पाठकांचा नाही, हिंदी सिनेमानं तो पाळून मोठा केला आहे. आपल्या बाजूनंही फार मिशीवर ताव मारायला नको, मराठी रहस्यकथांमधला ‘भय्या’ आणि ‘सरदारजी’ काही फार बारकाईनं ऐकून लिहिलेला नसे.

पण दुसरी बाजूही आहे. परका माणूस शहराकडे बघतो तेव्हा त्याला पैसा कुठून कुठे वाहतो ते आधी दिसतं. जीतसिंहाच्या मुंबईत समुद्र, पाऊस, आठवणी कमी आणि जागा, भाडं, इस्टेट, वकिलाची फी जास्त. चाळीच्या खोलीत राहणारा कुलूपतोड्या आणि फ्लॅटमधली श्रीमंत विधवा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते लेखक भावनेनं मोजत नाही, रुपयांत मोजतो. मालिकेतल्या काही पुस्तकांची नावंच रकमांची आहेत. ही मुंबई मला खोटी वाटत नाही. अर्नाळकरांची मुंबई दिवाणखान्यांची आणि मोटारींची होती, तिच्यात घरभाड्याचा प्रश्न क्वचितच निघायचा.

पांढऱ्या कागदावर आल्यामुळे वाचकांच्या मताचं काय झालं, हे शेवटी बघू. लुगदीची किंमत कमी, त्यामुळे अपेक्षाही एका प्रवासापुरत्या. मेरठच्या पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका असत, पानं उलटसुलट बांधलेली असत, पण वाचक त्याबद्दल ओरडत नसे. नोएडाच्या बड्या संस्थेच्या पुस्तकात तीच चूक दिसली की तो म्हणतो, एवढे पैसे घेतले ते कशाचे? दुसरं म्हणजे नवा वाचक आला. विमानतळावरच्या दुकानात, दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्यातल्या मोठ्या स्टॉलवर ज्यानं पहिल्यांदा पाठक हातात घेतला, त्याला ‘दस लाख’ माहीत नाही, सुष्मितानं काय केलं होतं ते माहीत नाही. जुन्या वाचकाला सुष्मिता दारात आल्यावर जो राग येतो, तो नव्याला येऊच शकत नाही. त्यामुळे एकाच पुस्तकावर दोन मतं, आणि दोन्ही प्रामाणिक. एक म्हणणार, जीतसिंहानं तिला उभंही करायला नको होतं. दुसरा म्हणणार, हा माणूस एवढा कडवट का आहे ते कळत नाही.

मत पोचवायची वाटही बदलली. पोस्टकार्डाच्या जागी ऑनलाइन दुकानांवरचे तारे आले, पाचपैकी किती ते टिचकीत ठरवायचं. त्यात पुस्तकाचं पाकीट फाटलेलं आलं म्हणून एक तारा देणारा आणि कलम २५ चा उपयोग चुकला म्हणून एक तारा देणारा एकाच रांगेत उभे राहतात. पाठकांचं लेखकीय मात्र बंद झालं नाही. हार्परच्या पुस्तकांतही ते राहिलं. प्रकाशक बदलला, कागद बदलला, तरी मागच्या पुस्तकाचा निकाल पुढच्या पुस्तकाच्या दारात लागतच राहिला.

त्यांनी आपलं आत्मचरित्र अनेक खंडांत लिहिलं. पहिला खंड ‘न बैरी न कोई बेगाना’ २०१८ मध्ये आला, दुसरा राजकमल प्रकाशनानं काढला. ज्या राजकमलच्या दारात कधीकाळी लुगदीला पाऊल टाकता आलं नसतं, ते हेच. २०२० मधल्या तिसऱ्या खंडाला त्यांनी कबीराच्या दोह्यावरून नाव दिलं, ‘निंदक नियरे राखिए’. जीतसिंहाबद्दल म्हणाल, तर कुलाब्यानंतर तो फार दिवस गप्प बसला नाही. २०१५ मध्ये त्याच प्रकाशनाकडून पुढचं पुस्तक आलं, ‘गोवा गलाटा’, आणि आता लेखकाच्या चुका काढायची पाळी पणजी-म्हापशाच्या वाचकांवर आली.